चार काळ्या बाटल्या, निलंगा ते किनवट

पुण्याहून लातूरला निघताना माझ्या बॅगेत दोन साड्या, एक स्वेटर आणि काळ्या बिअरच्या तीन बाटल्या होत्या. स्वेटर बाटल्यांना गुंडाळला होता, त्यामुळे रात्रभर थंडी मला वाजली. चौथी बाटली बालाजीच्या पिशवीत होती. ती त्याने स्वतः बनवलेली होती, आणि पुढे जे काही रामायण घडलं ते तिच्यापायीच घडलं.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पन्नाशी उलटलेली ही बाई बाटल्या घेऊन मराठवाड्यात काय करत होती, असं तुमच्या मनात येणारच. मी मूळची कोल्हापूरची. पुण्यात एका प्रयोगशाळेत लोणची, मसाले, बिस्किटं यांच्या चवी तपासण्यात माझी हयात गेली. चवीचं वेड अंगात मुरलं आणि त्यातून कधीतरी बिअरचा नाद लागला. नवरा ताकाच्या पलीकडे काही पीत नाही. माझ्या या नादाला तो हसतो आणि बाटल्या मात्र निगुतीने फळीवर लावून ठेवतो.

या चार बाटल्या साध्या बिअरच्या नव्हत्या. इम्पीरियल स्टाउट नावाची एक काळीकुट्ट, दाट आणि भलतीच कडक बिअर असते. तिच्यासाठी सातू पार काळा होईपर्यंत भाजतात, नेहमीच्या बिअरपेक्षा कितीतरी जास्त धान्य घालतात आणि महिनोन्‌महिने मुरवत ठेवतात. पूर्वी ही इंग्लंडातून रशियाच्या दरबाराला जायची, म्हणून इम्पीरियल, असं सांगतात. फ्रिजमधून काढून घटाघटा प्याली तर नुसता कडू काढा लागतो. पण पेल्यात जरा निवांत राहू दिली आणि घोट घोट घेतली तर चॉकलेट, कॉफी, मनुका, करपलेली साखर असं एकेक पुढे येत जातं. ही बसून प्यायची चीज आहे.

बालाजी पुण्यात, जिथे बिअर बनते तिथेच विकली जाते अशा एका हॉटेलात काम करतो. निलंग्याजवळच्या एका खेड्यातला, तिशीच्या आतला, कमी बोलणारा मुलगा. त्याने सहा महिने खपून आपली स्वतःची इम्पीरियल स्टाउट केली होती आणि तिच्यात आपल्या आईच्या हातची काकवी घातली होती. मालक म्हणाले, ‘‘बाईंनी चांगल्या तीन-चार स्टाउटांच्या शेजारी ठेवून चाखावी. त्या हो म्हणाल्या तर मोठा घाणा लावू.’’ हे काम पुण्यात एका दुपारी उरकलं असतं. पण बालाजीला यंदाची काकवी बघायला गावी जायचं होतं, मला हुरडा खायचा होता, आणि नांदेडचे माझे कॉलेजचे मित्र सुधाकरराव किती वर्षांपासून ‘‘आम्हाला कधी चाखवणार?’’ म्हणून डोकं खात होते. म्हणून आमची वरात निघाली.

लातूर

लातूरला उतरलो ते भुकेनेच. स्टँडजवळच्या गाड्यावर सुशीला खाल्ला. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकायचे, वरून शेंगदाण्याचं कूट. आमच्याकडे चुरमुरे म्हटलं की भडंग, कुरकुरीत. भिजवलेले चुरमुरे म्हणजे आमच्या लेखी वाया गेलेले चुरमुरे. पण दुसरी प्लेट मीच मागितली, तेव्हा बालाजीने तोंड फिरवून हसू लपवलं.

दुपारी त्याच्या गावची एसटी सुटेपर्यंत वेळ होता. गंमत म्हणून मी त्याला एका परमिट रूममध्ये ओढून नेलं. बाई बघताच वेटरने आम्हाला पडदा लावलेल्या फॅमिली खोलीत बसवलं आणि पडदा दोनदा ओढून खात्री करून घेतली. मी विचारलं, ‘‘काळी बिअर आहे का हो? स्टाउट?’’

‘‘स्ट्राँग हाय, माइल्ड हाय,’’ तो म्हणाला. ‘‘काळी म्हन्ल्यावर रम हाय. आनू का?’’

‘‘नको. काळी बिअर.’’

त्याने जरा विचार केला. मग फार समजुतीने मला म्हणाला, ‘‘बीर काळी नसती मॅडम. काळी झाली म्हंजे ती खराब झाली.’’

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी त्याला लिंबू सोडा आणायला सांगून वर टीप दिली. बालाजी मात्र कानकोंडा होऊन बसला होता. त्याच्या जिल्ह्यात त्याच्या कामाला नावच नाही, हे त्याला पडद्याआड बसून पुन्हा एकदा कळलं होतं.

निलंग्याजवळचं गाव

बालाजीच्या आईचं नाव सोजरबाई. काटक अंगाच्या, डोक्यावरचा पदर जागचा न हलू देणाऱ्या आणि प्रश्नांची सरबत्ती करणाऱ्या. मी काय करते, लेकरं किती, पुण्यात ज्वारी काय भावाने मिळते, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ‘‘बाई, ह्याच्या कामात इज्जत हाय का?’’

‘‘आहे,’’ मी म्हटलं.

‘‘मग बरं हाय,’’ म्हणून त्या चुलीकडे वळल्या.

संध्याकाळी गुऱ्हाळावर गेलो. मी कोल्हापूरची असल्याने गुळाच्या बाबतीत मला फार शहाणपण आहे असं मला वाटतं. आमचा गूळ पिवळाधमक, त्याचा आम्हाला तोरा. इथला गडद, तपकिरी, जरा खारट वळणाचा. मी नाक मुरडायच्या बेतात होते, तेवढ्यात सोजरबाईंनी कढईतली उकळती काकवी पळीने काढून, निववून माझ्या हातावर घातली. उसाचा रस गूळ होण्याच्या जरा आधी उतरवला की काकवी होते, हे मला लहानपणापासून माहीत. पण ही काळसर, दाट आणि गोडाच्या मागून किंचित कडवट होती. बालाजीने ती बिअरमध्ये का घातली असेल हे मला त्या एका घोटात उमगलं. मग मी आमच्या गुळाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

रात्रीच्या जेवणाला भाकरी, काकवी आणि तूप. काकवी आली ती तपकिरी बिअरच्या बाटलीतून. यात नवल काही नव्हतं. काकवी, मध, करडईचं तेल, घरचं जे काही पातळ असेल ते रिकाम्या बिअरच्या बाटलीत भरायचं, ही पद्धत आमच्याकडेही आहे. पण आमच्याकडे बाटलीला कापडाचा बोळा नाहीतर दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड लावतात आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते. इथे प्रत्येक बाटलीला नवंकोरं पत्र्याचं बूच होतं, कारखान्यातून आल्यासारखं.

‘‘हे कसं काय?’’ मी विचारलं.

सोजरबाई अभिमानाने उठल्या आणि कोनाड्यातून बूच ठोकायचं हातयंत्र घेऊन आल्या. गेल्या साली बालाजीने जुनं म्हणून घरी आणून टाकलं होतं. ‘‘लई कामाचं हाय बगा. एक मुंगी जाऊन न्हाई राहिली. आता गल्लीतल्या समद्या बाया बाटल्या घेऊन माझ्याकडंच येतेत.’’

बालाजीने आपली बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवली, घरातली तीच एक थंड जागा. माझ्या बाटल्या विकतच्या, लेबलवाल्या, बुटक्या, म्हणून बॅगेतच राहिल्या. त्या माठाखालच्या वाळूत सोजरबाईंच्या काकवीच्या बाटल्याही ओळीने उभ्या होत्या. मी त्या पाहिल्या होत्या. बालाजीनेही पाहिल्या होत्या. दोन जाणती माणसं, आणि एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

सकाळी निघताना सोजरबाईंनी एक कापडी पिशवी पुढे केली. शेंगदाण्याचे लाडू, ज्वारीचं पीठ आणि कडेला फडक्यात गुंडाळलेली बाटली. ‘‘अक्काला पोचती कर,’’ त्या म्हणाल्या, आणि लगेच लेकाचा चेहरा बघून आवाज उतरवला, ‘‘शेवंताच्या हाती दे. टेशनावर येनार हाय ती.’’

नांदेडची एसटी

अक्का कोण, हे मला बालाजीने एसटीत सांगितलं. ती त्याची मोठी बहीण, कावेरी. आई दिवसभर रानात, म्हणून याला तिनेच वाढवलं. तिचं लग्न झालं ते नांदेडकडच्या एका घरात, आणि नवरा दारुडा निघाला. काही वर्षं तिने काढली. मग एक दिवस भरल्या घरातून नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडली ती परत गेली नाही. आता ती किनवटला मुलींच्या एका वसतिगृहाची अधीक्षिका आहे.

‘‘मी बीरच्या कामाला लागलो तवा तिचा फोन आला,’’ बालाजी खिडकीबाहेर बघत म्हणाला. ‘‘म्हनली, ज्या वासापायी मी घर सोडलं तो वास तू पगारासाठी बनवून राहिलास. मग ठेवला फोन. तवापासून बोलून न्हाई राहिली. मी गावी असलो की ती येत न्हाई.’’

‘‘मग तू गेला नाहीस कधी?’’

‘‘कोन्त्या तोंडानं जाऊ?’’

मी आयुष्यभर चवीवर हुकूम सोडत आले, पण कावेरीच्या बाजूने विचार केला तर तिचं काय चुकलं तेही सापडेना. लोह्याला एसटी थांबली तेव्हा मी दोन कप चहा घेतले आणि एक त्याच्या हातात दिला. अक्काची पिशवी सगळा वेळ माझ्या मांडीवर होती. खड्डा आला की मी बाटली सांभाळून धरत होते, काकवी सांडायला नको म्हणून.

नांदेड स्टेशनावर शेवंताबाई भेटल्या. वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई, भाचीच्या बारशाला आल्या होत्या, दुपारच्या गाडीने परत चालल्या होत्या. बालाजीने पिशवी दिली. ‘‘अक्का बरी हाय का?’’ त्याने विचारलं.

‘‘बरी हाय की. तुमच्याबद्दल काई बोलत न्हाई,’’ शेवंताबाईंनी सरळ सांगून टाकलं आणि डब्यात चढल्या. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बालाजी फलाटावर उभा होता.

नांदेड

सुधाकरराव रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गोल चेहरा, मोठा आवाज, आणि दर वाक्यात एक चिमटा. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई शाळेत शिकवायच्या. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांची भिंत आहे, आणि स्वयंपाकघरात त्याच्या तोडीस तोड मसाल्यांची. त्यांनी संध्याकाळी गच्चीवर सतरंजी घातली होती. भाजलेला हुरडा, शेंगा, सुकं मटण, भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्य आणि मसाले खमंग भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडे ते नाही, आणि त्याबद्दल मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

‘‘बर्फ कुठंय?’’ सुधाकररावांनी पहिलाच प्रश्न केला.

‘‘बर्फ टाकलात तर मी घरी जाईन,’’ मी म्हटलं.

‘‘बघा, पाहुणी येऊन आम्हालाच दम देऊन राहिली.’’

पहिली इंग्लंडची. कोरडी, करारी, गोडाचा लवलेशही नाही. वास घेतल्यावर मी कोको आणि जुनं चामडं वगैरे सांगायला लागले, तर प्रमिलाताई पेला नाकाशी धरून म्हणाल्या, ‘‘तव्यावर भाकरी विसरली की असाच वास येतो.’’ अगदी बरोबर होतं. घोटाच्या शेवटी ती जिभेच्या कडांवर किंचित खारट लागते. सुधाकररावांनी तोंड वाकडं केलं, पण मटणाचा घास घेऊन पुन्हा प्याले तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या.

दुसरी अमेरिकेची, व्हिस्कीच्या लाकडी पिंपात मुरवलेली. हिला व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा वास होता, आणि जिभेवर ती सायीसारखी बसत होती. सुधाकरराव मूळचे व्हिस्कीवाले, त्यामुळे त्यांना जुना मित्र भेटल्याचा आनंद झाला. मला मात्र ती दोन घोटांनंतर जड वाटायला लागली. फार लाडात वाढलेल्या मुलासारखी आहे, म्हटलं. हुरड्याबरोबर तर तिने हुरड्यालाच गिळून टाकलं.

तिसरी बंगळुरूची, कॉफी घातलेली. कॉफीचा वास असा उमदा की प्रमिलाताईंनी, ज्या नुसता वास घेणार होत्या, त्यांनी एक घोट घेतला आणि पेला परत केला नाही. पण ती अंगाने जरा पातळ होती. वास मोठा आणि मागे काही उरत नाही. तरी येसराच्या आमटीशी तिचंच सगळ्यांत चांगलं जमलं. भाजलेल्याला भाजलेलं ओळखतं.

मग मी पेले विसळले आणि बालाजीची बाटली समोर ठेवली. तो ताठ बसला. टाकीतली कच्ची बिअर मी पुण्यात चाखली होती आणि तिच्यावर माझी फार आशा होती. मी बूच काढलं. फस्सकन आवाज यायला हवा, तो आला नाही. गॅस कमी राहिला असेल, म्हटलं. मी पेला तिरका धरला आणि बाटली कलती केली.

काहीच येईना.

‘‘याला म्हणतात अंगाने भरलेली,’’ सुधाकरराव म्हणाले. ‘‘आधीच्या तिघींना लाज वाटली पाहिजे.’’

मी बाटली आणखी वाकवली. तोंडाशी एक काळा थेंब जमला, फुगला, लांबला आणि सावकाश पेल्यात उतरला. सगळे त्या थेंबाकडे टक लावून बघत होते. प्रमिलाताईंनी बोट लावून चाटून बघितलं. ‘‘अहो, ही तर काकवी आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि फार सुरेख आहे.’’

सुधाकरराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसत होते. मग माझं बालाजीकडे लक्ष गेलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

‘‘मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘मग माझी बाटली कुठं हाय?’’

सोजरबाईंनी पहाटे माठाखालून लेकीसाठी एक बाटली उचलली होती, आणि निघताना बालाजीने दुसरी. सगळ्या सारख्याच तपकिरी, सगळ्यांना सारखंच बूच. मुंग्यांचा बंदोबस्त पक्का झाला होता. जिने दारूपायी घर सोडलं त्या बहिणीच्या हातात, आईने पाठवलेली माहेरची काकवी म्हणून, भावाने बनवलेली कडक बिअर जाऊन पोचली होती. आणि ती पिशवी भावानेच नेऊन दिली होती.

‘‘ती म्हनल मी मुद्दाम केलं,’’ बालाजी म्हणाला. ‘‘आन पोरी हायेत तिथं. पोरींच्या ताटात वाढली तर?’’

मी माझ्या फोनवरून कावेरीचा नंबर लावला, लागला नाही. शेवंताबाईंचाही नाही. किनवटकडे रेंजचा भरवसा नसतो. सोजरबाईंना कळवून उपयोग नव्हता, त्यांचाही फोन किनवटला लागणार नव्हता आणि वर त्यांचा जीव टांगणीला लागला असता. सुधाकररावांनी पेला खाली ठेवला. ‘‘आता मी गाडी चालवण्याच्या लायकीचा नाही,’’ ते म्हणाले. ‘‘उजाडताच निघू. मी सोडतो तुम्हाला.’’ तिन्ही बाटल्यांत अजून थोडी थोडी बिअर शिल्लक होती. कुणीही तिला हात लावला नाही.

इस्लापूरमार्गे

भोकरच्या पुढे रान बदलतं. कापसाची शेतं मागे पडून सागाची झाडं सुरू होतात, आणि माणसांच्या बोलण्यात तेलुगू हेल येऊ लागतो. एरवी मी गाडी थांबवून शंभर गोष्टी बघितल्या असत्या. बालाजी काकवीची उघडी बाटली मांडीवर धरून बसला होता. तिला आता मक्याचं बुरकुंड लावलं होतं.

इस्लापूरला टायर बसलं. सुधाकररावांची गाडी त्यांच्यापेक्षा थोडीच तरुण आहे. पंक्चरवाला शांतपणे म्हणाला, ‘‘टैम लागल. तवर सहस्रकुंड बगून या की, धबधबा लई भारी हाय.’’ सुधाकररावांनी आशेने माझ्याकडे पाहिलं, मी बालाजीकडे पाहिलं, आणि आम्ही तिथेच बाकड्यावर बसून भजी खाल्ली. सहस्रकुंड मी अजून पाहिलेला नाही. भजी बरी होती.

बालाजीने काही खाल्लं नाही. ‘‘मी सांगू का तिला,’’ मी म्हटलं, ‘‘चूक माझीच झाली म्हणून?’’

‘‘न्हाई मॅडम. मीच सांगतो.’’

किनवट

वसतिगृह गावाच्या कडेला, सागाच्या झाडीत. मुली शाळेत गेलेल्या, अंगणात नुसते वाळत घातलेले निळे फ्रॉक. कावेरी स्वयंपाकघरातून बाहेर आली. बालाजीसारखीच हाडापेराने मोठी, तेच डोळे, पण डोळ्यांत जरब. भावाला बघून ती जागच्या जागी थांबली. मग माझ्याकडे आणि सुधाकररावांकडे बघून म्हणाली, ‘‘बसा.’’

तिची खोली ओसरीला लागूनच होती, दार उघडं होतं. पण सतरंजी तिने ओसरीवर टाकली. बालाजीला ते कळलं. तो पायरीवरच बसला.

शेवंताबाईंनी पाणी आणलं आणि त्यांनीच तोंड फोडलं. ‘‘काकवी आंबलीय बरं का तुमच्या आईची. बाईंनी बूच काढलं तर ह्या एवढा फेस! समदं फडकं भिजलं.’’

‘‘पातळ पान्यासारखी,’’ कावेरी म्हणाली. ती माझ्याकडे बघून बोलत होती. ‘‘वास बी आला आंबुस. म्हन्लं आईनं यंदा कच्चीच उतरवली. तिचं आता वय झालं, आच कळत नसल. टाकून कशाला द्यायची, म्हनून कढईत घालून आटवली. चांगली घट्ट होईपातर आटवली, वरून गुळाचा खडा टाकला.’’

सुधाकरराव माझ्याकडे बघायचं टाळत होते. सहा महिन्यांची इम्पीरियल स्टाउट काल संध्याकाळी चुलीवर रटारटा आटली होती. कडकपणा वाफेवर निघून गेला होता. इंग्लंडात हे कुणाच्या स्वप्नात आलं नसतं. पण कच्ची काकवी फसफसते, आणि फसफसलेली काकवी आटवून वाचवतात, हे उसाच्या घरात वाढलेल्या कुठल्याही बाईने केलं असतं.

‘‘पोरींना वाढली का?’’ बालाजीने खाली बघत विचारलं. बहिणीशी त्याचं हे पहिलं वाक्य.

‘‘मी चाखल्याबिगर पोरींच्या ताटात काई जात न्हाई,’’ कावेरी म्हणाली. मग पुन्हा माझ्याकडे वळली. ‘‘लई कडू लागली. पोरी खानार न्हाईत. पन कडू असून बी, काय सांगू, सोडवेना. रात्री भाकरीसंगं खाल्ली, सकाळी बी खाल्ली.’’ तिने आत जाऊन वाटी आणली. तळाशी डांबरासारखं काळं, चकचकीत काहीतरी उरलं होतं.

मी बालाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो दाबला. माझ्या मनात सरळ होतं, गप्प बैस. पोरींना मिळालेलं नाही, हिला आवडलं आहे, आईला बोल लागू दे, चहा पिऊन निघू. मी तर निभावून न्यायला तयार होते.

त्याने काकवीची बाटली उचलून पायरीवर तिच्या पायाशी ठेवली.

‘‘ही आईची काकवी हाय, अक्का,’’ तो म्हणाला. ‘‘आईला आच बराबर कळते. तू आटवली ती माझी बीर हाय. बाटल्या बदलल्या. मुद्दाम न्हाई केलं.’’

शेवंताबाई हातातलं तांब्याभांडं घेऊन आत निघून गेल्या. कावेरी वाटीकडे बघत राहिली. वाटी तिच्या हातातून खाली पडेल, नाहीतर अंगणात भिरकावली जाईल, असं मला वाटलं.

‘‘ह्या वासापायी मी भरलं घर सोडलं, बालाजी.’’

‘‘हाव.’’

‘‘आन मला वळखू बी आला न्हाई.’’ तिने वाटी नाकाशी नेली. बराच वेळ वास घेतला, मी पेल्याचा घेते तसा. ‘‘तो वास असा नव्हता.’’

मग ती म्हणाली, ‘‘किती दिवस लागले करायला?’’

‘‘सा महिने.’’

‘‘आन मी ताटं वाढायच्या आत आटवून टाकली.’’ तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ‘‘आईची काकवी हाय का हिच्यात?’’

‘‘आईचीच. दुसरी घातली न्हाई.’’

तिने बोटाने वाटीचा तळ पुसला आणि बोट तोंडात घातलं. आयुष्यात मी कितीतरी स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले, पण इतक्या धास्तीने निकालाची वाट कधी पाहिली नव्हती.

‘‘जास्त भाजलंस,’’ ती म्हणाली. ‘‘कडू त्याच्यामुळं हाय. काकवीची चव मागं राहून जाते.’’

बालाजीने मान डोलावली.

जेवायला तिने थांबवलं, पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आम्ही ओसरीवरच जेवलो. निघताना ती गाडीपर्यंत आली नाही, पायरीवर उभी राहिली. बालाजी फाटकाशी पोचला तेव्हा तिने हाक मारली.

‘‘पुढच्या बारीला काकवी शेवंताच्या हाती धाडू नको. तू घेऊन ये.’’

परतीच्या वाटेवर सुधाकररावांनी बालाजीला काही चिमटे काढून बघितले. भोकरला चहासाठी थांबलो तेव्हा त्याने विचारलं, ‘‘मॅडम, भाजका सातू कमी करू का?’’ मी म्हटलं, कर. मालकांना मी कळवलं की बालाजीची मुरलेली स्टाउट मला चाखायला मिळाली नाही, पण माझ्यापेक्षा कडक परीक्षकाने चाखली आहे आणि एक दुरुस्ती सुचवली आहे, तेवढी होऊ द्या.

नवी स्टाउट आता टाकीत मुरते आहे. संक्रांतीला बालाजी काकवीची बाटली घेऊन एकटाच किनवटला जाऊन आला. आल्या आल्या मी विचारलं, काय म्हणाली?

‘‘काई न्हाई मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘बाटली हातात घेतली. वजन करून बगितलं, मग उलटी करून बगितली. आन मग म्हनली, भायेर काहून उभा हायेस, घरात ये.’’